जहाज पाहताना आधी बाजूची रेषा पाहा

नाशिकला समुद्र नसल्यामुळे जहाजांचा आपला बहुतेक अभ्यास छायाचित्रांवरच होणार. तेव्हा जहाजाची पूर्ण बाजू दिसेल अशीच चित्रे निवडावीत. २००४ साली सेवेत आलेल्या ‘क्वीन मेरी २’ या प्रवासी जहाजाचा लांब निमुळता पुढचा भाग, काळे अंग आणि मागे पायऱ्यांसारखे उतरणारे मजले यांत अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या जुन्या प्रवासी जहाजांची ठेवण स्पष्ट ओळखू येते, धुराडे मात्र ठेंगणे आहे, कारण न्यूयॉर्कच्या व्हेराझानो पुलाखालून जाणे भाग होते. १९९८च्या ‘डिस्ने मॅजिक’ या पर्यटन जहाजाचे पुढचे धुराडे तर निव्वळ शोभेचे आहे, आणि (जाणकारांची नाराजी पत्करून सांगतो) ते मला आवडते, कारण एकाच धुराड्याने जहाज मागे झुकलेले भासले असते. मुंबईला गेलात, तर जहाज धक्क्यावरून निघताना दुरून पाहावे.