मृत्युपत्र रजिस्टर्ड आहे, मग भांडण कशाला?

प्रश्न : वडिलांनी जाण्यापूर्वी दीड महिना मृत्युपत्र केलं. सहकारनगरचा फ्लॅट आणि सगळ्या ठेवी धाकट्या भावाला. तेव्हा ते अंथरुणालाच खिळलेले होते. ‘रजिस्टर्ड आहे, तुम्हा बहिणींना आता काही करता येणार नाही,’ असं भाऊ म्हणतो. खरं आहे का?

उत्तर : नाही. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक असते आणि नोंदणी झाली तरी आव्हान देता येतं. भारतीय वारसा कायदा, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात. मृत्युपत्र सिद्ध करायची जबाबदारी भावाची. साक्षीदार हयात असेल, तर निदान एकाला तरी कोर्टात उभं करावं लागतं. परिस्थिती संशयास्पद असेल तर तो संशयही भावानेच दूर करायचा, हे सुप्रीम कोर्टाने १९५८ मध्येच सांगून ठेवलंय. दबाव किंवा फसवणूक झाली असं मात्र तुम्ही म्हणालात, तर ते तुम्हाला सिद्ध करावं लागेल.

म्हणून आधी कागद गोळा करा. मृत्युपत्र केलं त्या आठवड्यातले हॉस्पिटलचे केसपेपर आणि औषधांच्या नोंदी. बँकेत वडिलांची सही असायची आणि इथे अंगठा आहे का? वकील कोणी आणला, साक्षीदार कोणाच्या ओळखीचे? आणि मृत्युपत्र नीट वाचा. मुलींचा त्यात उल्लेखच नसेल, तर कोर्ट विचारणारच की शुद्धीवर असलेला बाप आपल्या मुली विसरतो कसा. पण मुलींची नावं लिहून, कारण देऊन वगळलं असेल तर तुमची बाजू बरीच लंगडी होते.

एक कटू गोष्ट. ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढ्यावर दावा चालत नाही. फ्लॅट स्वकष्टार्जित असेल तर वडील तो कोणालाही देऊ शकत होते. वडिलोपार्जित मिळकतीत मात्र त्यांना फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतं मृत्युपत्र करता येतं. आणि हे सगळं तपासून होईपर्यंत भावाने पुढे केलेल्या हक्कसोडपत्रावर भिडेखातर सही करू नका!

प्रश्न : सोसायटीत आईने मोठ्या बहिणीला नॉमिनी केलंय. मृत्युपत्र नाही. फ्लॅट तिचाच झाला?

उत्तर : नाही. नॉमिनी वारसांच्या वतीने मिळकत सांभाळतो, मालक होत नाही. सोसायटी बहिणीला तात्पुरतं सभासद करून घेईल, पण हक्क सगळ्या वारसांचा. सोसायटीच्या कमिटीशी भांडू नका, मालकी ठरवणं त्यांचं काम नाही.

प्रश्न : मी ७४ वर्षांची, कोथरूडला राहते. मुलगा अमेरिकेत, मुलगी इथे, माझं सगळं तीच करते. घर तिला द्यायचंय, पण नंतर दोघांत वितुष्ट नको. घर आत्ताच बक्षीसपत्राने देऊ का?

उत्तर : आत्ता देऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. बक्षीसपत्र केलं की त्या दिवसापासून घर तिचं. द्यायचंच असेल तर ‘माझा सांभाळ करावा’ ही अट त्यात लिहा. तसं लिहिलेलं असलं आणि सांभाळ झाला नाही, तर ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ खाली ते रद्द करून घेता येतं. मृत्युपत्र मात्र हयातीत केव्हाही बदलता येतं.

म्हणून मृत्युपत्रच करा. त्यात मुलाचं नाव घ्या, त्याला काय देताय किंवा का देत नाही ते दोन वाक्यांत लिहा. साक्षीदार तुमच्याहून वयाने लहान आणि पुण्यातच राहणारे घ्या. मुलीला किंवा जावयाला घेऊ नका. साक्षीदारांत एक डॉक्टर असले तर उत्तम. त्या दिवशी मुलगी खोलीतही नको. आणि मुलाला फोनवर आजच सांगा. तो चिडेल, चिडू दे. तुमच्यावर चिडलेला परवडला, कारण तुम्ही उत्तर द्यायला आहात. माझ्याकडे येणारी बरीच भावंडं हिश्श्यापेक्षा ‘आम्हाला कळूच दिलं नाही’ याच रागाने आलेली असतात.

प्रश्न : मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर किती रुपयांचा लागतो?

उत्तर : लागतच नाही, साधा कागद चालतो. पुण्यातल्या मिळकतीसाठी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, तोही सक्तीचा नाही. फक्त मूळ प्रत कुठे ठेवलीय हे घरात एकाला तरी माहीत असू द्या.