आकडा पाहिला का नुसता लिहिला?

अरे भो,

तुझा मेसेज वाचला. नोकरी सांभाळून दर शनिवारी गावच्या शाळेत पोरांना इंजिनिअरिंग शिकवायचं म्हणतोस, ऐकून खूप बरं वाटलं. किटची यादी पण पाठवलीस, अर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), सेन्सर, मोटर वगैरे. यादी चांगलीये, पण किट नंतर आलं तरी चालतं. अटल टिंकरिंग लॅबची, म्हणजे पोरांनी स्वतः वस्तू बनवून बघायच्या शाळेतल्या प्रयोगशाळेची, सरकारी योजना २०१६ पासून आहे, सहावी ते बारावीच्या पोरांसाठी, निवड झालेल्या शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान, तुझ्या हेडसरांना चौकशी करायला सांग. तोवर शिवारात चल पोरांना घेऊन.

मागे मी चोपड्याकडच्या एका गावात आठवीच्या पोरांना केळीच्या बागेत नेलं होतं. ठिबकची १६ एमएमची नळी, ताशी ४ लिटरचे ड्रीपर (थेंब-थेंब पाणी सोडणाऱ्या तोट्या), शाळेतलं मोजपात्र आणि वेळ बघायला माझा मोबाईल, एवढंच सामान. हिशोब मी आधीच फळ्यावर करून दाखवला होता, ताशी ४ लिटर म्हणजे मिनिटाला साधारण ६७ मिली, म्हणजे ३ मिनिटांत २०० मिली. आणि इथेच माझं चुकलं. उत्तर आधी सांगून टाकलं ना, मग काय, सगळ्या वह्यांमध्ये २००, २००, २००, व्हॉल्व्हजवळच्या पहिल्या ड्रीपरला पण आणि पार शेवटच्याला पण. एक पोरगी तेवढी नळीच्या टोकाला उकिडवी बसून राहिली होती, अहिराणीत म्हणे, "सर, आठे पाणी कमी येस", म्हणजे इथे पाणी कमी येतं. तिच्या वहीत १३०, १२५, १३०, तीनदा मोजलेलं, आणि हे खोडून २०० करू का अशा नजरेने माझ्याकडे बघत होती.

म्हटलं खोडू नको. एंड कॅप, म्हणजे नळीच्या टोकाचं बूच, काढली तर आधी चहाच्या रंगाचं पाणी आलं, मग शेवाळाचे चिकट तुकडे, मग हळूहळू नितळ पाणी. कॅप लावून परत मोजलं तर १८०. उरलेले २० कुठे गेले यावर पोरं शाळेत पोचेपर्यंत भांडत होती, कोणी म्हणे ड्रीपरमध्ये क्षार बसले, कोणी म्हणे टोकाला प्रेशरच कमी, कोणाला फिल्टरवर संशय. मला पुस्तक उघडावंच लागलं नाही. म्हणून तुला पहिली गोष्ट सांगतो, उत्तर आधी सांगू नको. आधी मोजू दे, मग हिशोब, मग दोघांत फरक का पडला ते त्यांनाच शोधू दे. आणि निरीक्षण अहिराणीत लिहिलं तरी बिलकुल चालतं, आकड्यापुढे एकक पाहिजे आणि तारीख पाहिजे, बस.

मी हे एवढं लावून का धरतो तेही सांगतो. ट्रेनी असताना एका कारखान्यात नाईट शिफ्टला माझ्याकडे दर तासाला मोटरच्या बेअरिंगचं (दांडा ज्यात फिरतो त्या भागाचं) टेम्परेचर लॉगशीटवर लिहायचं काम होतं. थंडीचे दिवस, आकडा रोज तोच यायचा, मी जागेवर बसूनच मागच्या तासाचा आकडा पुढे उतरवत गेलो. पहाटे बेअरिंग जाम झालं, मोटर जळाली. सिनियर आले, ओरडले नाहीत, लॉगशीट हातात घेऊन फक्त विचारलं, "हे आकडे तू पाहिले का नुसते लिहिले?" ते मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. आता पोरांच्या वह्या बघताना मी तेवढंच विचारतो, आणि कोणी खरं सांगितलं की "सर, नाही पाहिलं", तर त्याला चुकूनही रागवत नाही, लगेच परत मोजायला पाठवतो. एकदा जरी रागावलास ना, तर पुढच्या वेळेपासून सगळ्यांचे आकडे छान जुळून येतील आणि तुला काही कळणार नाही.

वहीची शिस्त मात्र पहिल्या दिवसापासून लाव. पेन्सिल नको, पेन. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. आणि असं लिहायचं की दुसऱ्याने वाचून तिथून पुढे काम करावं. हे आपल्याकडे फार लागतं, कारण कापूस वेचणी सुरू झाली की निम्मी पोरं शनिवारी येत नाहीत, त्यांचं काम दुसऱ्या जोडीला उचलावं लागतं. तेव्हा पोरांना आपोआप कळतं की "सर, झालं" म्हणजे चालू झालं, तपासलं, लिहिलं आणि पसारा आवरला, हे सगळं. पाने-पक्कड मोजून द्यायचे, मोजून घ्यायचे. प्लायवूडच्या फळीवर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा काढून खिळ्यांवर टांगून ठेव, काय परत आलं नाही ते लांबूनच दिसतं.

इंजिनिअर विश्वेश्वरय्यांचं नाव पोरं १५ सप्टेंबरच्या, अभियंता दिनाच्या भाषणात ऐकतात आणि विसरतात. त्यांना सांग की नोकरीच्या सुरुवातीलाच, १८८४ च्या सुमारास, हा माणूस आपल्या धुळ्याकडे होता आणि पांझरा नदीच्या कामावर त्याने पाईपचा सायफन बांधला, तेव्हा वय पंचविशीच्या आतच. मग गवंडी लेव्हल काढायला वापरतो ती पारदर्शक नळी आण, पाणी भरून मधला भाग खाली सोड, पाणी खाली जाऊन पलीकडे तेवढंच वर येतं हे दाखव. नळीत हवेचा बुडबुडा मुद्दाम राहू दे. दोन्हीकडची पातळी जुळत का नाही ते बघू दे पोरांना, सांगू नको.

सेफ्टीबद्दल एकच, पण ते कडकपणे. वर्गात फक्त बॅटरी, घरातल्या २३० व्होल्टला हात नाही. ९ व्होल्टच्या बॅटरीवर एक एलईडी रेझिस्टरशिवाय (करंट आवरणाऱ्या भागाशिवाय) लावून जळू दे, दोन-चार रुपयांचा खर्च आहे, रेझिस्टर कशाला असतो ते परत विचारणार नाहीत. पण खरा धोका शाळेत नाही रे, तो विहिरीवर आहे. यातली कितीतरी पोरं घरी थ्री फेज मोटरचा स्टार्टर ओल्या हाताने, अनवाणी, चिखलात उभं राहून दाबतात. पहिल्याच शनिवारी हे विचार, कोण कोण मोटर चालू करतं ते. हात वर होतील तेवढ्या पोरांना घरून स्टार्टरजवळच्या जागेचं चित्र काढून आणायला सांग, पाय कुठे ठेवतो, खाली कोरडी फळी आहे का, पेटीला अर्थिंगची वायर दिसते का, नुसतं बघून, हात न लावता. ज्यांच्याकडे फळी नाही त्यांच्या बापाला तू स्वतः फोन कर.

मोजपात्र शाळेत असेलच, नसेल तर मला कळव, माझ्याकडे दोन आहेत, शनिवारी एसटीने पाठवतो.