लिस्बनमध्ये फरशी रंगवणार असाल तर

अझुलेझुची, म्हणजे भिंतीवर लावायच्या रंगीत, चकचकीत पोर्तुगीज फरशांची, कार्यशाळा सहलीच्या पहिल्या दोन दिवसांतच घ्या. रंगवलेली फरशी भट्टीत जवळपास हजार अंशांवर भाजावी लागते, त्यामुळे ती त्याच दिवशी हातात मिळत नाही. मिळणार कधी, हे पैसे भरण्याआधीच विचारा.

फरशीवरचा पांढरा लेप कच्चा असतो, अगदी भुकटीसारखा. त्याला बोट लावू नका. नक्षीच्या कागदाला सुईने भोकं पाडलेली असतात. तो फरशीवर ठेवून त्यावर कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी हलकेच आपटली की ठिपके उमटतात. आपल्या रांगोळीच्या छापासारखंच! मग कुंचला रंगात नीट भिजवा आणि एका दमात ओढा. लेप पाणी लगेच शोषतो, खोडणं जवळजवळ अशक्य. हात थांबला की तिथे डाग पडलाच. फिकट छटेसाठी पाणी वाढवा. कोबाल्टचा रंग आधी मळकट दिसतो, घाबरू नका. खरा निळा भट्टीतच खुलतो.

आदल्या दिवशी राष्ट्रीय अझुलेझु संग्रहालय पाहाच. १७५५च्या भूकंपापूर्वीचं लिस्बन तिथल्या लांबलचक फरशीचित्रात आहे. त्यातले कुंचल्याचे फटकारे जवळून बघा. गोव्याला जाणं होत असेल तर पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातही अशा निळ्या भिंती आहेत.