तूर पोत्यानं जाते, डाळ किलोनं येते

प्रश्न : मी पहिल्यांदाच ग्रामपंचायत सदस्य झाले. आमच्या गावाच्या विकास आराखड्यात सिमेंट रस्ते, पेव्हर ब्लॉक आणि स्वागत कमान एवढंच आहे. पोरांना, बायकांना काम मिळेल असं काही सुचवलं की ग्रामसेवक म्हणतात, "निधी बंधित आहे." खरंच का?
– एक सदस्या, लातूर जिल्हा

उत्तर : ताई, हे अर्धंच खरं आहे. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगानं २०२१-२६ साठी ६० टक्के निधी पाणी-स्वच्छतेला बांधून दिला, ४० टक्के अबंधित ठेवला. हा अबंधित निधी पगार आणि आस्थापनेवर खर्चता येत नाही. बाकी राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींना दिलेल्या २९ विषयांत गावाची जी गरज असेल तिला वापरता येतो. त्या यादीत अन्नप्रक्रियेसह लघुउद्योग आहेत. आणि बंधित निधीतसुद्धा पावसाचं पाणी साठवणं बसतं, हे कुणी सांगत नाही.

मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी होतो. एका गावात महिला सभेला एक आजी उठल्या नि म्हणाल्या, "तूर पोत्यानं विकतो अन् डाळ किलोनं आणतो, हे कुठलं शहाणपण?" तोवर आम्ही कामांची यादीच करत होतो, गावातून काय बाहेर जातं आणि काय विकत येतं हे कुणी विचारलंच नव्हतं. त्या एका वाक्यावर बचत गटाची डाळमिल मंजूर झाली.

पण ती आठ महिने प्लॅस्टिकखाली पडून राहिली. शेडमध्ये थ्री फेज वीजच नव्हती, आराखड्यात मशीन लिहिलं नि जोडणी राहून गेली. अंदाजपत्रक मी तपासलं होतं, म्हणून ते अजून बोचतं. गटातल्या बायका रोज कुलूप बघून परतायच्या.

तेव्हा आधी वही घ्या. वीस घरं फिरा, वर्षात काय विकलं, काय आणलं ते लिहा. पाण्याचाही हिशेब मांडा. हिवरे बाजारात पाण्याचा ताळेबंद बघूनच पिकं ठरतात. मग एकच उद्योग धरा आणि त्याची वीज, जागा, कच्चा माल, गिऱ्हाईक, सगळं एकाच ठरावात घाला.

कायद्यानं महिला सभा ग्रामसभेच्या आधी घ्यावी लागते. तिथं हा ठराव मांडा, इतिवृत्तात नोंद करून घ्या आणि उठण्याआधी ठरावाचा क्रमांक लिहून घ्या. पुढं सगळीकडं तोच विचारतात.