कंपनीच्या नावावर मोटारसायकल: कर वाचत नाही, पुढे ढकलला जातो

प्रश्न: भोसरी एमआयडीसीत आमचं मशिनिंगचं जॉबवर्क आहे. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, संचालक मी आणि पत्नी. कंपनी 22 टक्क्यांच्या कररचनेत आहे, मी पगारामुळे 30 टक्क्यांच्या टप्प्यात. मला 450 सीसीची मोटारसायकल घ्यायची आहे. एक्स-शोरूम 3,08,000 आणि नोंदणी धरून साडेतीन लाख, विमा वेगळा. आठवडाभर चाकण-तळेगावला ग्राहकांकडे जाईन, सुट्टीच्या दिवशी कोकणात. मित्र म्हणतो, कंपनीच्या नावावर घे, जीएसटी परत मिळतो आणि घसाराही मिळतो. माल पोचवणाऱ्या मुलासाठीही एक गाडी हवी आहे. काय करावं?

उत्तर: तुमची गाडी स्वतःच्या नावावर घ्या, मुलाची कंपनीच्या नावावर. खालचे आकडे 2025-26 या आर्थिक वर्षाच्या नियमांप्रमाणे आहेत.

जीएसटीचा मुद्दा आधी निकालात काढू. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर 18 टक्के आणि त्यावरच्यांवर 40 टक्के जीएसटी आहे. म्हणजे तुमच्या 3,08,000 मध्ये 88,000 रुपये नुसता जीएसटीच आहे, आणि त्यातला एक रुपयाही परत मिळणार नाही. चालकासह 13 आसनांपर्यंतच्या प्रवासी वाहनांचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला जीएसटी विक्रीवरच्या जीएसटीतून वळता करण्याची सोय) सीजीएसटी कायद्याच्या कलम 17(5) ने बंद केलं आहे. गाडी पूर्णपणे धंद्यासाठी वापरली तरी ते मिळत नाही. विमा आणि दुरुस्तीवरच्या जीएसटीचंही तेच.

घसारा, म्हणजे झिजेपोटी कंपनीच्या नफ्यातून वजा होणारी रक्कम, मात्र मिळतो, दरवर्षी उरलेल्या किमतीच्या 15 टक्के. साडेतीन लाखांवर पहिल्या वर्षी 52,500, मग 44,625, मग साधारण 37,900. तीन वर्षांत 1,35,000. अधिभार आणि उपकर धरून कंपनीचा कर 25.17 टक्के होतो, म्हणजे सुमारे 34,000 रुपये कर वाचला. दसऱ्याचा मुहूर्त ऑक्टोबरच्या मध्यावर आला आणि गाडी तेव्हा घेतली, तर वर्षात 180 दिवस वापर भरत नाही आणि पहिल्या वर्षी घसारा निम्माच मिळतो.

मित्राचा हिशोब इथे थांबतो. पण कंपनीची वस्तू तुम्ही खासगी कामाला वापरलीत की ते परक्विझिट (पगारासोबत मिळणारी सुविधा) होतं आणि तुमच्या पगारात धरलं जातं. मोटारगाडीला दरमहा ठराविक छोटी रक्कम धरतात, तशी सवलत कंपनीच्या मालकीच्या दुचाकीला नाही. ती इतर जंगम वस्तूंमध्ये मोडते आणि तिच्या मूळ किमतीच्या 10 टक्के रक्कम दरवर्षी तुमच्या उत्पन्नात मिळवली जाते. वर्षाला 35,000, त्यावर 31.2 टक्क्यांनी 10,920 रुपये कर. तीन वर्षांचे 32,760. कंपनीने वाचवले 34,000, तुम्ही भरले 32,760.

पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. तीन वर्षांनी गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यायची म्हटलं, तर तिची किंमत मूळ किमतीतून दर पूर्ण वर्षाला 10 टक्के वजा करून काढतात, म्हणजे 2,45,000. तुम्ही कंपनीला त्याहून जितके कमी द्याल तितकी रक्कम पुन्हा पगारात. फुकट घेतलीत तर 76,440 रुपये कर. आधीचे 32,760 मिळवा: 1,09,200. साडेतीन लाखांचे 31.2 टक्के काढून पाहा, बरोबर तेवढेच येतात. गाडीची पूर्ण किंमत शेवटी तुमच्या हातात पगार म्हणूनच करपात्र ठरते, फक्त हप्त्याहप्त्याने. उलट साडेतीन लाख हाती येतील एवढा पगार काढलात, तर कंपनीला तो खर्च त्याच वर्षी पूर्ण वजा मिळतो, घसाऱ्यासारखी वर्षानुवर्षं वाट पाहावी लागत नाही.

विम्याची गोष्ट मला कराहून मोठी वाटते. दुचाकीच्या पॉलिसीत मालक-चालकाचं 15 लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं. आरसीवर मालक कंपनी असेल तर हे संरक्षण मिळत नाही, कारण कंपनी म्हणजे माणूस नव्हे. ताम्हिणीच्या वळणावर काही झालं तर घरच्यांना त्या पॉलिसीतून ही रक्कम मिळणार नाही. शिवाय कंपनीच्या नावावरच्या गाडीला महाराष्ट्रात रस्ता करही चढा पडू शकतो. शोरूमकडून दोन्ही नावांची ऑन-रोड कोटेशनं घेतलीत की फरक लगेच दिसेल.

तेव्हा गाडी तुमच्या नावावर, आणि चाकण-तळेगावच्या फेऱ्यांचं पेट्रोल कंपनीकडून. त्यासाठी लॉगबुक ठेवा: तारीख, कुठे गेलात, किती किलोमीटर, किती खर्च. केवळ कामाच्या फेऱ्यांचा खर्च असा कागदावर असेल तर तो तुमच्या उत्पन्नात धरला जात नाही. कंपनीने गाडीचा सगळाच खर्च उचलला तर मात्र दरमहा 900 रुपये वजा करून उरलेली रक्कम करपात्र होते. वही त्याच दिवशी भरायची. मार्चअखेरीला बसून भरलेली वही करनिर्धारणाच्या वेळी टिकत नाही.

पैसे कमी पडले तर बँकेचं कर्ज घ्या, कंपनीकडून उचल घेऊ नका. संचालकांना कर्ज देण्यावर बंधन घालणारं कंपनी कायद्याचं कलम 185 आड येऊ शकतं. शिवाय तुमच्याकडे 10 टक्के किंवा अधिक मतदान हक्क असले, तर साठलेल्या नफ्याइतकी उचल 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 2(22)(ई) प्रमाणे लाभांश समजून करपात्र होते. कंपनी दोघांचीच, म्हणजे हे तुम्हाला बहुधा लागू होणार.

मुलाची गाडी सरळ कंपनीच्या नावावर घ्या. साधी 125 सीसीची पुरेल. तिच्यावर जीएसटी 18 टक्के, परत मिळणार नाहीच, पण घसारा, पेट्रोल, दुरुस्ती सगळं कंपनीचा खर्च. संध्याकाळी किल्ली कारखान्यातच राहिली तर मुलाच्या पगारात परक्विझिटही धरावं लागत नाही. पैसे कंपनीच्या खात्यातूनच द्या, कारण एका दिवसात 10,000 च्या वर रोख दिलेली रक्कम गाडीच्या किमतीत धरत नाहीत आणि तिच्यावरचा घसारा जातो. आणि त्या मुलासाठी स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी काढा. मालक-चालकाचं संरक्षण त्यालाही मिळणार नाही, आणि दिवसभर रस्त्यावर तोच असणार आहे.