वाय-फाय जोडलेलं दिसतं, पण साइट उघडत नाहीत. दोष कुठे आहे हे कमांड वापरून कसं ओळखायचं?

राउटर दोनदा बंद-चालू केला, ब्राउझर बदलला, तरी फरक नाही असं तुम्ही लिहिलंय. आता राउटरला हात लावू नका. आधी दोष तुमच्याकडे आहे की बाहेर, एवढंच ठरवा. त्याला विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट पुरतो.

त्यात आयपीकॉन्फिग (ipconfig) ही कमांड टाका, ती तुमच्या कॉम्प्युटरचा नेटवर्कमधला पत्ता दाखवते. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर तिथेच थांबा: राउटरकडून पत्ता मिळालेला नाही, म्हणून विंडोजने स्वतःच एक घेतलाय. पत्ता ठीक असेल तर त्याच यादीतल्या डिफॉल्ट गेटवेला, म्हणजे तुमच्या राउटरला, पिंग (ping) करा, म्हणजे उत्तर येतं का ते तपासा; मग बाहेरच्या ८.८.८.८ ला, हा गूगलचा सर्व्हर आहे. दोन्हीकडून उत्तर येतंय, पण साइटच्या नावाला पिंग केल्यावर 'कुड नॉट फाइंड होस्ट' येतंय? मग लाइन चालू आहे, डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा, बिघडलीय. तुमच्या वर्णनावरून मला हाच संशय आहे. एनएसलूकअप (nslookup), पुढे साइटचं नाव, त्यापुढे ८.८.८.८ असं टाकून बघा. आता पत्ता मिळाला तर अडॅप्टरच्या सेटिंगमध्ये डीएनएस बदला.

त्रास मधूनमधून होत असेल, तर मात्र पिंगच्या चार उत्तरांवर विसंबू नका. माझे व्हिडिओ कॉल असेच तुटायचे आणि मी कित्येक दिवस इंटरनेट देणाऱ्यांकडे तक्रारी करत राहिलो. शेवटी दोन खिडक्या शेजारी-शेजारी उघडल्या, एकीत गेटवेला आणि दुसरीत ८.८.८.८ ला '-टी' (-t) लावून पिंग न थांबता चालू ठेवलं. कॉल अडकला त्या क्षणी गेटवेचाच आकडा २ मिलिसेकंदांवरून ४०० च्या वर गेला, मग 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. राउटर दोन भिंतींपलीकडे होता. केबल जोडली, आकडा १ वर येऊन तिथेच राहिला. बाहेरच्या लाइनचा काही संबंधच नव्हता.

ट्रेसर्ट (tracert), म्हणजे साइटपर्यंतच्या वाटेवरचे टप्पे दाखवणारी कमांड, वापरताना एक सांभाळा. मधल्या टप्प्यावर तारे दिसले की बरेच जण तिथेच बोट ठेवतात. पण कित्येक राउटर अशा चौकशीला उत्तर देत नाहीत, किंवा सवडीने देतात. पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, पुढे पाठवणं हे त्यांचं मुख्य काम. पुढचे टप्पे नीट येत असतील तर ते तारे सोडून द्या. एका टप्प्यावर वाढलेला वेळ शेवटपर्यंत तसाच राहिला, तरच त्याच्या मागे लागा.

गेटवे स्वच्छ आणि ८.८.८.८ ला गळती (मधली उत्तरं न येणं) असेल, तर दोन्ही खिडक्यांचे स्क्रीनशॉट वेळेसकट तक्रारीला जोडा.