वाचकांचे प्रश्न : घात २ ला बरोबर, ६ ला दातेरी

प्रश्न : मिरकरवाडा बंदरात शिरणाऱ्या लाटांसाठी आम्ही स्वतःची फायनाइट एलिमेंट लायब्ररी (क्षेत्राचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडून समीकरण सोडवणारं कोड) लिहितो आहोत. चौकोनी एलिमेंट ४०,००० आहेत. प्रत्येक एलिमेंटवर लाट ज्या बहुपदीने मांडतो तिचा घात २ ठेवला की उत्तर छान येतं. ६ केला की काही कडांवर लाट करवतीसारखी दातेरी होते, शिवाय मेमरी पुरत नाही. घात वाढवणंच चुकलं का?
— एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : नाही, घात वाढवणं योग्यच आहे. ‘काही कडांवर’ हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, चूक तिथेच सापडते. दोन एलिमेंटची सामायिक कड घ्या. घात २ ला कोपरे सोडून तिच्यावर एकच नोड (जिथे लाटेची किंमत साठवतात तो बिंदू), बरोबर मध्ये. कड कुठूनही मोजा, तो तिथेच. घात ६ ला पाच नोड. डावा एलिमेंट ते खालून वर मोजतो आणि उजवा वरून खाली, मग डाव्याचा पहिला उजव्याच्या पहिल्याला जोडला जातो. जोडायचा होता पाचव्याला. ही चूक घात ३ पासूनच असते. आयताकृती जाळीत सगळ्या कडा एकाच दिशेने जातात म्हणून ती तिथेही लपते, ब्रेकवॉटरभोवती (लाटा अडवणाऱ्या बांधाभोवती) जाळी वाकली की उघडी पडते.

प्रत्येक कडेची दिशा लहान क्रमांकाच्या कोपऱ्याकडून मोठ्याकडे, असं ठरवून टाका. एलिमेंटची दिशा उलटी निघाली तर आतले पाच नोड उलट क्रमाने घ्या. हे काम एकाच फंक्शनमध्ये ठेवा : सगळ्या नोडच्या मोठ्या यादीतून एका एलिमेंटचे आकडे उचलणाऱ्या. लिबसीड (libCEED) या लायब्ररीची मांडणी बघण्यासारखी आहे. आकडे उचलणं, आधारफलनं (नोडवरच्या किमतींपासून मधल्या किमती काढणाऱ्या बहुपदी) आणि बिंदूवरचं भौतिक गणित असे तीन वेगळे भाग. लाटांचं समीकरण लिहिणाऱ्या कोडला कडेची दिशा कळताच कामा नये.

मेमरीचं म्हणाल तर घात ६ ला एलिमेंटमागे ४९ नोड, म्हणजे ४९×४९ = २,४०१ आकड्यांची मॅट्रिक्स. आकड्याला ८ बाइट धरले तर ४०,००० एलिमेंटना सुमारे ७७ कोटी बाइट. ती साठवूच नका. नोडवरचे ४९ आकडे आधारफलनांच्या किमतींच्या ७×७ च्या एकाच तक्त्याने आधी आडव्या, मग उभ्या दिशेने गुणा. नोडवरून क्वाड्रेचर बिंदूंवर (जिथे किमती मोजून इंटिग्रल काढतात) जायला २,४०१ ऐवजी ६८६ गुणाकार लागतील. त्रिमितीत १,१७,६४९ ऐवजी ७,२०३. फक्त मॅट्रिक्स नसली की थेट सॉल्व्हर चालत नाही, उत्तर टप्प्याटप्प्याने सुधारत न्यावं लागतं, म्हणून ते टप्पे कमी करणाऱ्या प्रीकंडिशनरची सोय आत्ताच करा. नोड समान अंतरावर असतील तर गाउस-लोबाटो बिंदूंवर (टोकांकडे दाट होत जाणाऱ्या) न्या.

चाचणीला दोनच आयताकृती एलिमेंट पुरतात. कडेच्या दिशेने पाचव्या घाताचं फलन प्रक्षेपित करा (म्हणजे तुमच्या नोडांनी त्याच्या सर्वांत जवळ जाणारं रूप काढा), उजव्या एलिमेंटचा पहिला कोपरा चारही जागी फिरवा. चारही वेळा चूक राउंड-ऑफइतकीच (संगणकाच्या दशांश-छाटणीइतकीच) हवी. मग गुळगुळीत, आधीच माहीत असलेलं उत्तर घेऊन जाळीतल्या एलिमेंटची लांबी-रुंदी निम्मी करत जा. चूक दर वेळी सुमारे १२८ पट घटायला हवी. ४ पटच घटली, तर ब्रेकवॉटरची वक्र कड सरळ रेघांनी काढलेली असणार. तिच्यावरचे नोडही खऱ्या वक्रावर बसवा.